बॅटरी न विकणारे प्रल्हादभाऊ

माझ्या गाडीची बॅटरी चार महिन्यांत सहा वेळा उतरली, आणि मी कॉलेजात गेली पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवतो. ही दोन वाक्यं लागोपाठ ऐकली की माणसं आधी हसतात आणि मग सहानुभूती दाखवतात. त्यातलं हसणं तेवढं खरं असतं. पण मला माझ्याबद्दल लिहायचं नाही, प्रल्हादभाऊंबद्दल लिहायचं आहे. मी मध्ये मध्ये येत राहीन, त्याला इलाज नाही, कारण त्या सगळ्या भानगडीत मूर्खपणाचं खातं माझ्याकडेच होतं.

प्रल्हादभाऊ तायडे म्हणजे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. अमरावतीत बडनेरा रोडवर त्यांचं दुकान होतं. एक शटर, शटरसमोर कडुलिंबाची सावली, गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. आत भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात रंगवलेली पाटी, 'इथे बॅटरी विकत मिळत नाही.' आता सांगा! मटणाच्या दुकानात मटण मिळत नाही अशी पाटी लावावी तसला हा प्रकार. मी पहिल्यांदा हॉर्नच्या तक्रारीसाठी गेलो तेव्हा न राहवून विचारलंच, की अहो, बॅटरीच्या तक्रारी घेऊन माणसं तुमच्याकडे येतात आणि तुम्ही बॅटरी ठेवत नाही, हा कसला धंदा?

"बॅटरी ठेवली ना सर, तं मले हरेक गाडीत मेलेलीच बॅटरी दिसन," ते म्हणाले. "मी बी माणूसच हाये."

मी मनात म्हटलं, हा माणूस काही धंद्यात वर येत नाही. माझे अंदाज साधारण याच दर्जाचे असतात.

अंगानं वाळके, पन्नाशी ओलांडलेले, कपाळावर चढवलेला चष्मा. आणि कामावर कायम पांढरा शुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट. ग्रीस, ॲसिड, काजळी, सगळ्यात हात घालणारा माणूस पांढरा शर्ट घालतो याचं सगळ्यांनाच नवल वाटे. त्यांना वाटत नसे. "काया शर्ट घातला तं हात कुठी लागला, हे मले कसं समजन?" आणि संध्याकाळी शटर ओढताना त्या शर्टावर एखादाच डाग असायचा. तो डाग ते असा निरखून पाहत की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

गाडी आणली की बोनेटला हात लावायच्या आधी त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. बॅटरी सकाळी उतरलेली दिसली का दुपारी? आदल्या दिवशी गाडीतून शेवटी कोण उतरलं? दार कोणी लावलं? मागचं का पुढचं? लोक वैतागायचे. कोणी "असेल बुवा" म्हटलं की ते हात वर करायचे, "अंदाज नका सांगू भाऊ, पाह्यलं ते सांगा." न्यायाधीशानं एवढी साक्ष काढली नसती. आणि साक्ष संपली की गिऱ्हाइकाच्या हातातली अंगठी उतरवायची, घड्याळ उतरवायचं. धातू बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकला तर बोट भाजून निघतं, म्हणून. माझ्या बोटात पुष्कराज होता. मी तो काढायला लागलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "कशाचा?"

"गुरूचा," मी म्हटलं. "बायकोच्या आग्रहाखातर."

"फिजिक्सवाले ना तुमी?"

मी खोकलो. त्यांनी अंगठी फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवली आणि बोनेट उघडलं. तेच जास्त लागलं.

त्या बाकावर बसून मी त्यांचा एक पराक्रम डोळ्यांनी पाहिला आहे. मोर्शीचे एक संत्र्याचे व्यापारी आले होते. गाडी दर तिसऱ्या दिवशी मरत होती. ठिकठिकाणच्या जाणकारांनी त्यांना तीन नव्या बॅटऱ्या घ्यायला लावल्या होत्या आणि तिन्ही मेल्या होत्या. प्रल्हादभाऊंनी साक्ष काढली. डिक्कीत काय नेता? संत्री, दुसरं काय नेणार! प्रल्हादभाऊंनी डिक्की उघडली, आतला लहान दिवा लागला.

"झाकण लावलं का इझते का हा?"

"विझतच असेल ना."

"असेल नका म्हणू." एवढं बोलून प्रल्हादभाऊ गुडघे पोटाशी घेऊन डिक्कीत शिरले आणि म्हणाले, "लावा झाकण."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. झाकण लागल्यावर दिवा विझतो की नाही हे आत असल्याशिवाय दिसत नाही. व्यापाऱ्यानं झाकण लावलं. आतून आवाज आला, "चालू हाये! दिवा चालू हाये!" व्यापारी खूश. मग त्यानं झाकण उघडायला घेतलं आणि ते उघडेना. किल्ली फिरेना, खटका दबेना. दुपारची वेळ, वऱ्हाडातलं ऊन. चार माणसं जमली, कोणी पहार आणायला धावलं. मी "शांत राहा, शांत राहा" असं ओरडत होतो. माझ्याएवढं अशांत तिथं कोणी नव्हतं. आतून मात्र सावकाश आवाज, "घाई नका करू. तवर मी स्विच पाहून घेतो."

पाच-सात मिनिटांनी पहार लावून झाकण उघडलं तेव्हा प्रल्हादभाऊ घामानं निथळत बाहेर आले. दिवा बंद करणारा लहानसा खटका संत्र्यांच्या क्रेटनं दाबून वाकडा झाला होता, तो त्यांनी आतल्या आत सरळ केला होता. गर्दीतल्या एकानं विचारलं, "भाऊ, मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवला असता तर?"

प्रल्हादभाऊंनी थोडा विचार केला. "सुचलं नाई," ते म्हणाले. "पण मोबाईलनं स्विच नसता सरळ केला." त्या दिवशी शर्टावर तीन डाग होते.

हे सगळं पाहून मला काय वाटलं असेल? आदर? छे! मला वाटलं, यात काय एवढं, हे तर आपल्यालाही जमेल. आठवड्याभरात मी प्रयोगशाळेतला ॲमीटर उचलून कॉलेजच्या पार्किंगमध्ये, त्या दिवशी मुद्दाम नेलेल्या माझ्या गाडीचं बोनेट उघडलं. विद्यार्थी जमले. मीही थोडा आवाज चढवून समजावून सांगू लागलो. ॲमीटर वीज वाहण्याच्या वाटेत मध्ये जोडायचा, बॅटरीच्या दोन टोकांना थेट कधीही लावायचा नाही, हे मी दर वर्षी पहिल्या सत्रात शिकवतो, फळ्यावर लाल खडूनं चौकट काढून शिकवतो. तेच मी केलं. म्हणजे थेट लावला. ठिणगी, फट्कन आवाज, धूर. पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, सिरीजमध्ये ना?"

जळालेला ॲमीटर घेऊन मी प्रल्हादभाऊंकडे गेलो. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"कोणी केलं?"

"एका विद्यार्थ्यानं," मी म्हणालो.

"त्याले सांगजा, डोये वाचले हेच लय झालं." आणि त्यांनी मीटर असा काही जपून माझ्या हातात परत दिला की तो विद्यार्थी कोण हे त्यांना कळलं असावं, याची मला आजही शंका आहे. शंका म्हणजे खात्रीच.

आता मूळ भानगडीकडे येतो. गाडी मागे घेताना फाटकाचा खांब मी दोनदा पाडला, तेव्हा बायकोनं, नीलिमानं, मागच्या बाजूला कॅमेरा बसवून घ्यायचं फर्मान काढलं. तो प्रल्हादभाऊंनी बसवला. आणि त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी बॅटरी उतरली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून तारा जोडून चालू केली, पुन्हा दोन आठवड्यांत उतरली. नवी बॅटरी घेतली, तीही उतरली. चौथ्यांदा तर प्राचार्यांच्या घरच्या लग्नाला निघताना उतरली. बनारसी नेसलेली नीलिमा मागून ढकलतेय आणि सूट घातलेला मी स्टीअरिंगवर, हे दृश्य आमच्या अख्ख्या कॉलनीनं गच्चीवरून पाहिलं.

मी चिडलो. शिकलेला माणूस चिडला की तर्कशुद्ध बोलायला लागतो आणि तिथंच घात होतो. कॅमेऱ्याआधी बॅटरी उतरत नव्हती, कॅमेऱ्यानंतर उतरते, म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या वायरिंगचा. विद्यार्थ्यानं असा निष्कर्ष लिहिला तर मी शून्य देतो. पण कॉलेजच्या 'स्टाफ परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो प्रल्हादभाऊंच्या नावानिशी लिहिला आणि शेवटी जोडलं, 'सर्वांनी सावध राहावे.' खाली कोणीतरी लिहिलं, 'सर म्हणतात म्हणजे शास्त्रीयच असणार.' मला ते आवडलं, हे कबूल करतो.

महिन्याभरात स्टाफच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या थांबल्या. कॉलेजच्या दोन बसचं विजेचं काम कित्येक वर्षं प्रल्हादभाऊ करत, तेही प्राचार्यांनी थांबवलं. चौकशी होईपर्यंत, असं म्हणाले. चौकशी करणार कोण, हे काही म्हणाले नाहीत.

एका रविवारी प्रल्हादभाऊ घरी आले. मी आधी आत जाऊन दोन मिनिटं उगाच पाणी प्यायलो. बाहेर आलो तर ते व्हरांड्यात उभेच.

"सर, तुमी लिहिलं ते मले एकानं दाखवलं," ते म्हणाले. "चूक माही असन तं माह्यासमोर निंघू द्या, मी कॅमेरा काढून नेतो. माही नसन तं कोणाची हाये ते मी शोधतो. पण मंग तुमी तिथंच लिहा, जिथं हे लिहिलं. दोन बस गेल्या माह्या. अन् नाव गेलं, ते वेगयंच."

मी म्हटलं, "अर्थात! विज्ञानाचा माणूस आहे मी."

त्यांनी बॅटरीची एक तार सोडवली आणि मध्ये त्यांचा मीटर जोडला. मध्ये, थेट नाही. मी तिकडे पाहण्याचं टाळलं. चालकाचं दार उघडंच ठेवून त्याचा खटका पेचकसानं बंद केला, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलं आहे. मग स्टूल घेऊन सावलीत बसले. "आता हात नका लावू. नव्या गाड्या अर्धा-पाऊण घंटा जाग्याच राह्यतात. गाडी झोपू द्या."

मला पंधरा मिनिटांनी आठवलं की गाडीत चष्मा राहिला आहे. मी मागचं दार उघडलं.

"उठवली तुमी तिले," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि पहिल्यापासून पाऊण तास मोजायला लागले. पुढच्या वेळी मी किल्ली खिशात घेऊन गाडीजवळून गेलो आणि गाडी पुन्हा जागी झाली. तेव्हा नीलिमानं मला घरात बोलावून मटार सोलायला बसवलं.

शेवटी झोपलेली गाडी किती वीज खाते तो आकडा मीटरवर स्थिर झाला. अगदी बारीक. घड्याळ आणि कुलुपाची यंत्रणा चालायला लागतो तेवढाच. कॅमेऱ्याचा फ्यूज काढला, आकडा हलला नाही. बाकीचे फ्यूज एकेक काढले, कुठंच गळती नाही. माणूस निर्दोष सुटला होता. दुसरा कोणी असता तर हात झटकून गेला असता. हे स्टुलावर बसूनच राहिले.

"माह्या कॅमेऱ्याचा दोष नाई, एवढं समजलं. दोष कोणाचा ते नाई समजलं. अर्धंच काम झालं." मग विचारलं, "गाडी रोज चालवता?"

"रोज," मी म्हटलं. हे खोटं होतं. कॉलेजला मी स्कूटरवर जातो, कारण गर्दीत गाडी चालवायची मला भीती वाटते. पण गाडी नुसती शोभेला घेतली असं कॉलनीत म्हणतात, ते मला झोंबायचं. प्रल्हादभाऊंनी मान डोलावली, आत वाकून किलोमीटरचा काटा पाहिला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे गाडीजवळ गेलो. हे 'नेहमीप्रमाणे' आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटत नव्हतं. एका निवृत्त सहकाऱ्यानं मला बजावलं होतं की गाडी उभी राहिली की बॅटरी मरते, रोज चालू करत जा. मी ते व्रतासारखं पाळत होतो. कॅमेरा बसवला त्याच आठवड्यापासून. किल्ली फिरवायची, इंजिन अजून बंद. मग हेडलाइट लावून पुढे येऊन पाहायचे. इंडिकेटर, वायपर, एक बारीक हॉर्न. पंखा पूर्ण वेगात. रेडिओवर बातम्या लावायच्या आणि त्या संपेपर्यंत आतून काचा पुसायच्या. असा चांगला पाव तास. मग इंजिन पाच मिनिटं चालू, तेही एसी लावून, कारण एसी चालतो का हेही पाहायला हवं. पेट्रोल जळतं म्हणून पाच मिनिटांत बंद. शेवटी बोनेटला हात लावून नमस्कार.

"झाली का आरती?" स्वयंपाकघरातून नीलिमानं नेहमीचा आवाज दिला.

"झाली वयनी," फाटकापलीकडून प्रल्हादभाऊ म्हणाले. "मी सगयी पाह्यली."

माझ्या हातात फडकं होतं. ते आत आले, हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"कॅमेरा बसवला तवाचा काटा मी लिहून ठेवेल होता. तवापासून गाडी साठच किलोमीटर फिरेल होती. म्हणून म्हटलं, सर रोज करतात तरी काय ते पाहून येऊ. आता हिशोब तुमीच करा, सर. तुमी शिकवता. लाइट किती घेते, पंखा किती, रेडिओ किती, पाव घंटा. मंग सेल्फ मारला. अन् पाच मिनिटात एसी चालवून भरलं किती?"

मी पायरीवर बसून वर्तमानपत्राच्या कडेला गणित केलं. रोज भरण्यापेक्षा काढणं जास्त. बॅटरी जास्तीत जास्त किती दिवस पुरेल? उत्तर आलं, बारा. मी दोनदा तपासलं, बाराच! क्षणभर तर मला आनंदच झाला.

"चला," नीलिमा म्हणाली, "गणित तरी जमलं."

म्हणजे इतके महिने मी ज्या बॅटरीची सेवा करत होतो तिला मीच रोज थोडं थोडं मारत होतो. प्रल्हादभाऊंनी उपाय सांगितला. आठवड्यातून एकदा बडनेऱ्याच्याही पुढे जाऊन या, नाहीतर गाडीला हातच लावू नका. त्यानंतर आजपर्यंत माझी बॅटरी एकदाही उतरलेली नाही.

जाताना ते फाटकात थांबले. "सर, तेवढं लिहा."

मी म्हटलं, आजच लिहितो. आणि खरंच लिहायला बसलो. लिहिलं, 'मी, फिजिक्सचा प्राध्यापक,' आणि बोट थांबलं. पहिल्या बाकावरची ती मुलगी डोळ्यांपुढे आली. ग्रुपमधले रसायनशास्त्रवाले आले. मी सगळं खोडलं आणि लिहिलं, 'गाडीतील दोषाचे तांत्रिक कारण सापडले असून समस्या दूर झाली आहे. धन्यवाद.' चार जणांनी अंगठे दाखवले.

दोन आठवड्यांनी प्रल्हादभाऊंचा फोन आला. "सर, लिहिलं का?"

"लिहिलं ना!"

"मी पाह्यलं. त्याच्यात मी कुठीच नाई."

मी काहीतरी बडबडलो, की कारण सापडलं म्हणजे तुमचा दोष नव्हता हे ओघानं आलंच, लोक समजदार आहेत. ते ऐकून घेत होते. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बसचं काम दुसऱ्याला गेलं. पुढच्या दिवाळीपर्यंत बडनेरा रोडवरचं शटर बंद झालेलं दिसलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, अकोल्याला गेले, बायकोच्या भावाकडे. मी रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जात होतो. नंतर दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात मावशीला भेटायला अकोल्याला गेलो तेव्हा विचारत विचारत त्यांचं दुकान शोधलं. वाशिम बायपासकडे, पत्र्याची शेड. गाडी लांब लावून चालत गेलो. ते पाठमोरे होते, पांढरा शर्ट. बाकावर तीन गिऱ्हाइकं. त्यातले एक बँकेतले साहेब तक्रार सांगत होते, की गाडी उभी असते, पण मी रोज सकाळी न चुकता पाच मिनिटं चालू करतो, तरी बॅटरी मरते.

"अमरावतीले माह्यं एक गिऱ्हाईक होतं," प्रल्हादभाऊ म्हणाले. "चांगला शिकेल माणूस." आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाइट, वायपर, बातम्या, बोनेटला नमस्कार, बायकोचा आवाज. इतकं सुरेख सांगितलं की बाक हलेपर्यंत लोक हसले. मलाही हसू आलं. त्या गोष्टीत माझा पेशा नव्हता, कॉलेज नव्हतं, ग्रुप नव्हता, बस नव्हत्या.

"कोण हो हे?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं. "अमरावतीत माझ्या लय ओळखी आहेत. नाव तर सांगा."

"नाव काहाले पाह्यजे, साहेब?" प्रल्हादभाऊ वायर सोलत म्हणाले. "नाव एकदा खराब झालं का सुधारत नाई."

मला तिथून निघून जाता आलं असतं. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. पण मी पुढे झालो आणि नको तितक्या मोठ्यानं बोललो, "तो माणूस मी. मी फिजिक्स शिकवतो."

बाकावरचे पुन्हा हसले, दुप्पट. मी थांबलो नाही. ग्रुपवर काय लिहिलं, ते खोटं कसं होतं, नंतर भित्रेपणानं काय लिहिलं, त्यानं यांच्या दोन बस कशा गेल्या, सगळं बोललो. तेव्हा हसणं थांबलं. साहेब चपलेकडे पाहायला लागले.

प्रल्हादभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "या सर. बसा," म्हणाले. पलीकडे हाक मारून चहा सांगितला. मावशीकडे आलोय म्हटल्यावर तिची तब्येत विचारली, नीलिमाची विचारली. चहा संपेपर्यंत दुसरा विषय नाही. मी उठलो तेव्हा ते दोन पावलं सोबत आले आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "सर, हे तुमी तिथी सांगाचं होतं."

मग वळले आणि साहेबांच्या बोनेटमध्ये वाकले. मला फक्त तो पांढरा शर्ट दिसत राहिला.

गाडीत बसल्या बसल्या मी ग्रुपवर सगळं लिहिलं. या वेळी नाव लिहिलं, त्यांचं पूर्ण, आणि माझंही. अकोल्याचा पत्ता टाकला. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तोवर हसणारे एकोणीस चेहरे आले होते. रसायनशास्त्रवाल्यांनी तर 'सर, आरतीची वेळ काय?' असं विचारलं होतं. रात्री झोपण्याआधी मी पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं. बसबद्दल कोणीच काही लिहिलं नव्हतं.